मोहफुलांची बुटकी पेटी

बाबा, आपल्या अकरा घरच्या टोल्यावर ताराची लाईट आली. खांब उन्हाळ्यातच गाडले होते, मीटर दिवाळीच्या आधी बसले, अन् मग एका दिवशी दुपारी एकदम सगळ्या घरचे बल्ब लागले. भर उन्हात. कोणी बंद करीना. आता लोकं छपरावरचे सोलरचे पॅनल उतरवून राहिले. कोणी ते गोठ्यावर झाकण म्हणून टाकलं, कोणाच्या आंगणात भिंतीले टेकवून ठेवलं आहे अन् त्याच्या सावलीत कोंबड्या बसतात. आपलं पॅनल मी नाही उतरवलं. आई म्हणते, "कायले ठेवतं आता त्याले? छपराचे कवेलू फोडते ते." मी काही म्हटलं नाही. तुमाले ठाऊकच आहे, मी काही म्हणत नाही.

हे नवव्या वर्गाच्या वहीवर लिहून राहिली. पुढची पानं भरली आहेत, मागची कोरी राहिली, कारण शाळाच राहिली. अक्षर पाहून हसू नका. तुमाले जाऊन आठ वर्षं झाली, मी आता एकोणीसची आहे, अन् एवढं लंबं मी कोणालेच कधी लिहिलं नाही. पण काल गोंदियापुढच्या गोरेगावले एक गोष्ट झाली, ती तुमाले सांगायची आहे. त्याच्यासाठी पहिलेपासून सांगावं लागते.

पॅनल आले तो दिवस मले अजून दिसते. सालेकशाहून ट्रॅक्टर आला तो नाल्यापर्यंतच. तिथून पुढं रस्ता नाही, तर बायांनी पॅनल डोक्यावर घेतले. मी काठावर उभी. अकरा बाया रांगेनं नाला उतरून राहिल्या अन् प्रत्येकीच्या डोक्यावर आभाळाचा एकेक तुकडा. मागून माणसं बॅटऱ्या घेऊन, कमरेत वाकलेले. ट्रॅक्टरसोबत आलेल्या साहेबानं विचारलं, "इनकी देखभाल कौन करेगा?" तर सगळ्यायनं खाली पाहिलं. तुमी हात वर केला. तुमी सातवी शिकलेले, सायकलचे पंचर काढणारे अन् उन्हाळ्यात तेंदूपत्ता खरेदीच्या फडीवर पानाचे पुडे मोजणारे. आई मागून पुटपुटली, "झालं, आता घरचं काम गेलं."

दोन दिवस गोंदियाले शिकायले गेले तुमी. तिथंच कुडव्याले मावशीकडं राहिले अन् परत आले तेव्हा गमछ्यात गुंडाळून एक काचेची नळी आणली होती, बॅटरीतलं पाणी ओढून तिची ताकद मोजायची. तिच्यात एक छोटासा काटा तरंगे. तुमी ती मले हातात नाही दिली, फक्त दाखवली. अन् शिकवणाऱ्यानं सांगतलेलं एक वाक्य आणलं होतं, तेही हिंदीतच: "बैटरी को बच्चे जैसा रखना है." त्याच्यानंतर दर रविवारी अकराही घरी तुमी ते म्हणायचे. आई म्हणे, "लेकराले तरी कधी एवढं पाहिलं का तुमी?" तुमी हसायचे अन् पुन्हा बॅटरीच्या टोकाले ग्रीस लावायचे. लोकं तुमाले डॉक्टर म्हणायले लागले. पहिले मस्करीत, मग खरंच. "डॉक्टर, आमच्या लाईटले पाहा ना गा, सर्दी झाल्यासारखी करून राहिली." घरोघरी तुमाले चहा मिळे, खाटेवर बसवत. फडीवर तर तुमाले कोणी बस म्हटलेलं मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या वर्षी मोहफुलं पडायले लागली तेव्हा मी दहाची होती. पहाटे आई अन् मी टोपल्या घेऊन जायचो. वेचण्याचा त्रास नाही, त्रास सुकवण्याचा. आंगण सारवून फुलं पसरली का तीन-चार दिवस राखण. बकऱ्या येतात, डुकरं येतात, वावटळ आली का माती बसते. मग बाजारात व्यापारी मूठभर फुलं हातावर घेते, फुंकते अन् म्हणते, "इसमें तो रेती है, बाई." आई तो देईल तेवढे पैसे पदरात बांधे. येताना रस्ताभर बोलत नसे. ते मले पाहवत नव्हतं.

राखण माया माथी होती. एका सकाळी जळतनाच्या ढिगावर बसून राखण करताना मले घरामागच्या बाडीकडचं आपलं पॅनल दिसलं. काळं, साफ, चारी बाजूनं काठ असलेलं, जसं काही ताटच. जळतनावरून छपराच्या कडेपर्यंत माया हात पुरत होता. मी हात लावून पाहिला तर चटका बसला. तिथं ना बकरी जाते ना डुक्कर. मी टोपलीभर फुलं त्याच्यावर पसरली. ओली फुलं चिकट असतात, घसरत नाहीत. अन् बाबा, दुपार कलली तोवर ती लाल झाली होती, वाटाण्यासारखी खुळखुळत होती. तीन दिवसाचं काम एका दिवसात, मातीचा कण नाही. तुमी संध्याकाळी यायच्या आत मी फुलं काढून घ्यायची, ओल्या फडक्यानं काच पुसायची अन् आईच्या ढिगात मिसळून टाकायची. रविवारी तुमी घरी, तर रविवारी नाही ठेवायची. कोणाचं काही बिघडते असं वाटलंच नाही. ऊन काय, सगळीकडं पडून आहे. ते कोणाच्या वाट्याचं कमी होत असेल हे माया डोक्यात आलं नाही.

आठ-दहा दिवसात आपली लाईट पिवळी पडली. मग जेवता जेवता बंद व्हायले लागली अन् बॅटरीजवळच्या डब्यावरचा लाल दिवा लागे. तुमी टोकं घासली, तार बदलली, नळीनं पाणी ओढून पाहिलं, काटा खालीच. पुन्हा पाहिलं, खालीच. मी पॅनलचं अन् लाईटचं नातं तेव्हा जोडलं का नाही, हे मी स्वतःले लय वेळा विचारलं. पहिल्या चार दिवसात नाही. मग जोडलं. पण तोवर तुमी एवढे परेशान होते का मले तोंड उघडताच येईना. अन् फुलं ठेवणं एकदम बंद केलं तर समजेल, म्हणून मी ठेवतच राहिली. हे किती पागलपणाचं आहे ते आता समजते.

टोल्यावर बोलणं सुरू झालं. किराणावाल्याचा भाचा आयटीआय शिकून आला होता, त्याले ते काम पाहिजे होतं. किराणावाला दुकानाच्या ओट्यावरून सगळ्यायले ऐकू जाईल असा म्हणे, "डॉक्टरच्याच घरी रॉकेलची चिमणी लागून राहिली, आपली लाईट काय वाचवन तो?" रविवारी साहेब पाहणीले येणार होता अन् त्याच्यासमोर ठरणार होतं, अकरा घरं तुमच्या हाती ठेवायची का नाही. तुमी जेवत नव्हते. तुमाले वाटून राहिलं होतं का तुमच्याच हातानं बॅटरीत पाणी जास्त पडलं. "मीच मारली तिले," असं तुमी आईले सांगतलं, मी चुलीपाशी बसली होती तेव्हा. भाकर तव्यावर जळली माया.

शनिवारी शेजारचे आबाजी आले. त्यायनं बॅटरीले पाहिलं, काठीनं टोचलं अन् म्हटलं, "उन्हात ठेव हिले." तुमी म्हटलं, "काऊन?" तर म्हणाले, "टॉर्चचे सेल उतरले का आपण उन्हात ठेवतो का नाही? मग जीव येते का नाही? ही बी सेलचीच माय होय." दुसऱ्या कोणत्या दिवशी तुमी पोट धरून हसले असते. त्या दिवशी तुमी मुकाट्यानं बॅटरी उचलली. एवढं शिकून आलेला माणूस, गोंदियाहून नळी आणलेला, मागच्या बाडीत बॅटरी उन्हात ठेवून तिच्यासमोर उकिडवा बसला. आबाजी म्हणाले, "तिरपी ठेव, ऊन पाठीवर घेऊ दे." तुमी ऊन कोणीकडून येते ते पाहायले मान वर केली. अन् वर पॅनलवर मधमाश्या घोंगावून राहिल्या होत्या.

तुमी निसणी लावली. मी दारात उभी. तुमी वर चढले अन् लय वेळ तिथंच राहिले. खाली उतरले तेव्हा गमछ्यात फुलं होती, तुमी ती आंगणात ओतली. "कोनं ठेवलं हे?" जोरानंही नाही म्हटलं. माया घशात शब्द आला, मले तो आलेला समजला, अन् तिथंच राहिला. तेवढ्यात आई आतून आली, पदराले हात पुसत. म्हणाली, "मीच ठेवलं. तुमच्या त्या पाटीवर लवकर सुकते. कायले बोंबलता?" तुमी बोंबलून राहिलेच नव्हते. तुमी आईकडं पाहिलं, मग माह्याकडं, मग खाली. एक फूल उचललं, फोडलं, दाताखाली धरलं. "रेती नाही एकबी," तुमी म्हटलं. बस एवढंच.

रविवारी साहेबासमोर, किराणावाल्यासमोर, सगळ्यायसमोर तुमी उभे राहिले. मी आईच्या मागं लपून ऐकलं. तुमी म्हटलं, "बॅटरी चांगली आहे. चूक माया घरची आहे. आमी पॅनलवर मोहफुलं सुकवून राहिलो होतो." असे हसले लोकं का साहेबाचं बोलणंच ऐकू येईना. किराणावाला म्हणाला, "वा डॉक्टर! सूरजची लाईट अन् सूरजचीच चूल!" तुमीही हसले. पण मी काय पाहिलं सांगू? हसता हसता चार घरच्या बाया हळूच मागच्या मागं सटकल्या. मी त्यायच्या मागं जाऊन छपरावर पाहते तर कोणाची मिरची, कोणाच्या वड्या, अन् एकीचं तर लेकराचं दुपटं वाळत होतं पॅनलवर. पण तशी कबुली देणारे तुमी एकटेच. अकरा घरं तुमच्याच हाती राहिली. साहेब म्हणाला, जो अपनी गलती बताता है वो बैटरी भी सच बताएगा.

मग तुमाले फुलं सुकवायची पेटी करायचा नादच लागला. तेलाचा रिकामा चौकोनी पिपा आणला, आडवा कापला, आतून सायकलच्या दुकानातला काळा रंग लावला. वर काच पाहिजे, तर लग्नाच्या फोटोची काच काढली. आई म्हणाली, "उघडं पाडलं ना मले!" पहिल्या दिवशी काचेच्या आतून पाणीच पाणी, फुलं आंबली, आंगणभर दारूचा वास. आबाजी सकाळी सकाळी येऊन म्हणाले, "खाली नळी लावून दे, मी गिलास आणतो." तुमी दोन दिवस त्या पाण्याकडं पाहत राहिले. मग खिळ्यानं खाली भोकं पाडली अन् वरच्या बाजूनं भोकं पाडली, त्याले मच्छरदाणीचा तुकडा लावला. खालून वारा घुसते, गरम होते, ओल घेऊन वरून निघते. तुमी माया हात धरून वरच्या भोकापाशी नेला होता. "पाह, श्वास घेऊन राहिली." खरंच पेटी माया बोटांवर गरम श्वास सोडत होती. शेवटी पाय लावले, बांबूचे, चार.

त्या साली व्यापाऱ्यानं आपल्या फुलांवर फुंकलं अन् काही उडालं नाही. तुमी टोल्यावर सगळ्यायले सांगत फिरले, "माया बायकोची अक्कल आहे." बाया आईपाशी पेटी पाहायले येत. आई मिरवे. मी चुलीपाशी. मले डाटही पडली नाही अन् शाबासकीही नाही. दोन्हीही आईनं घेतल्या. पुढच्या पावसाळ्यात तुमाले ताप आला, सालेकसा, मग गोंदिया, अन् पाचव्या दिवशी तुमाले परत आणलं. त्याच्याबद्दल मी नाही लिहीत.

शाळेचं सांगते. तुमी गेल्यावर तीन वर्षं गेली मी. नवव्या वर्गात सर उभं करून धडा वाचायले लावत. मले वाचता येत होतं, बाबा. पण उभी राहिली का घसा लागून जाये, पोरं हसत, सर म्हणत, "तोंडात मोह भरला का?" एका दिवशी दप्तर घरीच ठेवलं अन् आईसोबत धानाच्या रोवणीले गेली. कोणी विचारलं तर सांगत, घरी काम होतं. काम तर होतंच. पण खरं ते नाही. तुमची नळी मी काढली अन् अकरा घरं मीच पाहायले लागली. बॅटरीले बोलावं लागत नाही. घरचे चहा देत, मी पिऊन निघून यायची. आबाजी म्हणत, "डॉक्टरपेक्षा ही बरी, भाषण देत नाही."

आता तार आली, बॅटरीचं काम संपलं. पण बचत गटाच्या ताईनं आपली पेटी पाहिली अन् म्हणाली, येत्या हंगामाले गटासाठी पाच पाहिजे, लोखंडाच्या पायाच्या. मी आपल्या पेटीचं माप सुतळीनं घेतलं, गाठी मारल्या अन् सालेकशाच्या बाजारातल्या वेल्डरकडं गेली. त्यानं सुतळी जमिनीपासून वर धरली, मले पाहिलं, पुन्हा सुतळीले पाहिलं. म्हणाला, "एवढी बुटकी काऊन? लेकराले काम करायचं आहे का हिच्यावर?"

मी तिथंच उभी राहिली. आठ वर्षं आई रोज त्या पेटीसमोर वाकली. आठ वर्षं म्हणत आली, "कमर मोडून टाकली तुया बापाच्या पेटीनं, माप घ्यायले विसरला का काय मानूस." तुमी माप विसरणारे माणूस नव्हते. बॅटरीच्या पाण्याची रेघ तुमी डोळा मिटून सांगायचे. ते माप आईचं नव्हतंच. तेव्हा माया कमरेपर्यंत येत होती पेटी, काच उचलायले मले टाचा उचलाव्या लागत नव्हत्या.

घरी येऊन मी विचारलं. "आई, तू तेव्हा 'मीच ठेवलं' म्हणून काऊन म्हटलं?" आई तांदूळ निवडून राहिली होती. मान वर नाही केली. "तू अशी उभी होती जशी भिंत. कोणीतरी बोलाच लागत होतं ना." मी म्हटलं, "अन् बाबाले?" तर म्हणाली, "त्यायले काय ठाऊक नोतं? मले निसणीच्या दुसऱ्या दांडीवर चक्कर येते, लग्नापासून पाहिलं होतं त्यायनं. मी कवा चढली छपरावर?" मग एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "मले म्हणाले होते, तिले विचारू नको. सांगन ती तिच्या मनानं."

काल गोरेगावले बचत गटांचा मेळावा होता. ताईनं आपली जुनी पेटी टेबलवर ठेवली अन् माईक माया हातात दिला. "बोल, कशी सुचली सांग." समोर दीड-दोनशे बाया. मी पेटीच्या वरच्या भोकावर हात ठेवला, सकाळपासून उन्हात होती, श्वास सुरू होता. मग बोलली. म्हटलं, एका टोल्यावर एक पोट्टी होती. तिनं सोलरच्या पॅनलवर मोहफुलं सुकवली अन् घरची लाईट बंद पाडली. तिच्या बाबानं तिले मारलं नाही, तिच्या उंचीची पेटी बनवली. बाया हसल्या, टाळ्या वाजवल्या. मागून एकीनं ओरडून विचारलं, "कोन होती व ती पोट्टी?" आई पहिल्या रांगेत बसली होती, पदर तोंडाले लावून माह्याकडं पाहून राहिली होती.

मी म्हटलं, "होती एक."

पाचपैकी चार पेट्या कमरेएवढ्या होऊन राहिल्या. पाचवीचं माप मी सुतळीचंच ठेवलं. पॅनल आहे तिथंच आहे. हे पान वहीतून फाडत नाही, वही पेटीखाली ठेवते, तिथं ओल येत नाही. माईकवर नाही जमलं, तर इथं लिहून ठेवते, माया मनानं. मोहफुलं मी ठेवली होती, बाबा.